वाढत्या मापाचं वेलघर

जुन्नरच्या पेठेत केवलचंद मुथांचं कापडाचं दुकान होतं. त्या दुकानाच्या गादीवर पस्तीस वर्षं रोज कोणी ना कोणी शेतकरी टेकून बसलेला असायचा, आणि शेठ त्याला द्राक्षावर कोणतं औषध मारावं, टोमॅटोला पाणी किती द्यावं, कांदा आत्ता काढावा की थांबावं, हे सगळं समजावून सांगायचे. ऐकणारे ऐकूनही घ्यायचे, कारण दुकानात पंखा होता आणि चहा यायचा. शेठच्या स्वतःच्या हातून मात्र जन्मात एक रोप जगलं नव्हतं. गुलाब वाळला, मोगरा कुजला, कोणीतरी दिलेली कोरफड मेली. कोरफड मारायला काय करावं लागतं हे रखमाजींना तर शेवटपर्यंत कळलं नाही. रखमाजी बोरी बुद्रुकचे. शेठचं जुनं गिऱ्हाईक.

शेठची आणखी एक ख्याती होती. ते माप कधी नेमकं घ्यायचेच नाहीत. पोराचा सदरा असो, नवरदेवाचा कोट असो, टेप लावून झाली की शेठ बोटभर पुढे सरकायचे आणि म्हणायचे, "राहू द्या थोडं, वाढतं अंग आहे." नवरदेव अठ्ठावीस वर्षांचा असला तरी त्याचं अंग वाढतंच असायचं. मग लग्नात तो कोटातून हात शोधत बसायचा. कोणी तक्रार घेऊन आलंच तर शेठचं उत्तर ठरलेलं होतं, "दोन धुण्यांत बसेल." बसायचं नाही. पण दोन धुणी होईपर्यंत लग्न होऊन गेलेलं असायचं, आणि लग्न झालेला माणूस सदऱ्यासाठी भांडायला येत नाही.

जतनबाई त्यांच्या पत्नी. माहेर रायचूरचं. रायचूरला हिवाळा म्हणजे पंखा एक आकडा कमी करायचा, एवढंच. तिथून सतराव्या वर्षी त्या जुन्नरला आल्या, त्या नेमक्या पौषात. पहिल्याच आठवड्यात त्यांचे ओठ उलले, बोटं सुजली, आणि त्यांनी सासूबाईंना विचारलं, "इथं रोज असंच असतं का?" सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय." त्यानंतर चाळीस वर्षांत हा विषय घरात कोणी काढला नाही. सवय झाली असं सगळे धरून चालले, आणि जतनबाईंनीही ते खोडून काढलं नाही.

त्या वर्षी त्यांनी वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. उपासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य बुडायच्या आत. झोपणं मागच्या खोलीत, शहाबादी फरशीवर चटई टाकून. पहाटे उठून तिथंच आसनावर बसून सामायिक, म्हणजे मुहूर्तभर जागचं न हलता ध्यान. जैन संघातली माणसं स्थानकात, म्हणजे प्रवचनाच्या जागी, शेठना गाठून हात जोडायची, "धन्य आहे तुमच्या घरची!" शेठ डोळे मिटून मान हलवायचे. "आमच्याकडे तप चालू आहे," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे, निम्मे उपास आपल्याच खात्यावर असल्यासारखे.

ही लोडशेडिंगच्या वर्षांतली गोष्ट. त्या दिवाळीत भाऊबीजेला नीलम आली. शेठची एकुलती एक मुलगी, मंगळूरला दिलेली, सासरी मसाल्याची पेढी. येताना तिने तेलाच्या कापलेल्या डब्यात मिरीचा वेल आणला. वीतभर उंची, सात पानं, काडीला बांधलेला. शेठनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. मुलीने एवढ्या लांबून, मांडीवर डबा धरून आणलेलं ते पहिलंच काही होतं.

"मी लावतो ह्याला," शेठ म्हणाले.

"पप्पा, तुम्ही नको," नीलम हसत म्हणाली. "तुमच्या हातून काही जगत नाही. मम्मीकडे द्या. आणि ह्याला थंडी अजिबात नको. बारा डिग्रीच्या खाली गेलं की गेला हा. माघात पीयूषच्या साखरपुड्याला येईन, तेव्हा बघते."

मुलगी हसून बोलली आणि विसरून गेली. शेठ विसरले नाहीत. सगळ्या तालुक्याने हसावं आणि त्यांनी ते मनावर घेऊ नये, हे त्यांना जमत होतं. पण नीलमचं ते एक वाक्य आत कुठेतरी रुतून बसलं. माघात ती यावी, वेल तिच्या कमरेला लागावा आणि तिने तोंडात बोट घालावं, एवढंच त्यांना त्या हिवाळ्यात हवं होतं. मुलाचा, पीयूषचा साखरपुडासुद्धा त्यांच्या डोक्यात दुसऱ्या नंबरला गेला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि गारठा पडायला लागला. एका सकाळी वेलाचं एक पान पिवळं पडून डब्यात गळलं. शेठनी डबा उचलून दुकानात आणला आणि कॅशच्या शेजारी ठेवला. त्याच दिवशी रखमाजी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले होते. सोबत बायको प्रयागबाई, नवरी आरती आणि जीपभर भावकी. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या मानपानाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. सकाळी सुरू झालेला तो उन्हं कलली तरी चाललेला असतो. शेठचं अर्धं लक्ष साड्यांत होतं आणि अर्धं डब्यात.

"शेठ, ह्ये काय ठिवलंय?" रखमाजींनी विचारलं.

"मिरीचा वेल आहे. मंगळूरचा."

"मिरी? आवो, दोन रुपयाला पुडी मिळती की त्या कोपऱ्यावं!"

"पुडीचा प्रश्न नाही, रखमाजी. ह्याला थंडी सोसत नाही. बाराच्या खाली गेलं की संपलं."

प्रयागबाई इतका वेळ शालू निवडत होत्या. त्यांनी न वळताच सांगितलं, "मंग ब्रूडर करा की. आमी पिल्लांना करतो तसा. बल्ब लावायचा, भवतीनं बारदान सोडायचं. पिल्लू जगतं तर काडी न्हाई जगायची व्हय?"

रखमाजींची कोंबड्यांची शेड होती. पेढीवर बसून कोंबडीचं नाव निघालं की शेठ एरवी विषय बदलायचे. पण त्या दिवशी बस्ता बांधून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शेड कुठल्या बाजूला आहे तुमची?"

दोन दिवसांनी शेठची स्कूटर बोरीत रखमाजींच्या शेडसमोर उभी राहिली. शेठनी नाकातोंडाला रुमाल बांधला होता. आत पत्र्याच्या छत्रीखाली बल्ब लावलेले, खाली भाताचं तूस, आणि त्यावर पिवळी पिल्लं चिवचिवत होती. प्रयागबाई वाकून एकेक दाखवत होत्या.

"पिल्लं बल्बाखाली गोळा झाली की समजायचं, गारठा वाजतोय. लांब पळाली की समजायचं, उकडतंय. पसरून बसली की झ्याक. थर्मामीटर ठिवतो आमी, पण खरं पिल्लूच सांगतं. आन् जागा कमी द्यायची, शेठ. मोठी केली की ऊब ऱ्हात न्हाई."

एवढ्या मायेने जपलेली ही पिल्लं पुढं कुठं जातात, हे शेठना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही आणि प्रयागबाईंनी सांगितलं नाही. निघताना रखमाजींनी एक जादाचा थर्मामीटर त्यांच्या हातात ठेवला. "घिऊन जा. बस्त्यात रुमाल जास्तीचं दिलं व्हतं तुमी."

मग गच्चीवर बांधकाम निघालं. सुताराने विचारलं, "वेल केवढा आहे?" शेठनी वीत दाखवली. "मग खोकं केवढं?" शेठनी टेप काढली. डब्याला लावली, वेलाला लावली, मग बोटभर पुढे सरकले. मग हातभर. मग म्हणाले, "वाढतं अंग आहे." सुतार वर्षानुवर्षं शेठचाच सदरा घालत होता, त्यामुळे त्याने वाद घातला नाही. दुकानातल्या जुन्या शोकेसचं काचेचं दार निघालं, ते पुढे लागलं. फुलांच्या पॉलीहाऊसवरचा उतरवलेला प्लास्टिकचा कागद वर आला, दोन बाजूंना थर्माकोल, त्याबाहेर बारदान. पुरं झालं तेव्हा एक माणूस आत आरामात मांडी घालून बसेल आणि उठला तरी त्याच्या डोक्यावर वीतभर जागा उरेल, एवढं ते झालं होतं. त्याच्या मधोमध सहा पानांचा वेल, डब्यात. पीयूषने डोकं आत घालून पाहिलं आणि म्हणाला, "पप्पा, ह्याला आत एकटं वाटेल."

"दोन वर्षांत भरून जाईल," शेठ म्हणाले.

एका बल्बने ते तापेना. दुसरा लावला. पहिल्या रात्री तापलं, आणि सकाळी चहाच्या कपाशेजारी जतनबाईंनी एक कागद ठेवला. कागदावर किडे होते. पाकोळ्या, चिलटं, एक मोठा पतंग. सगळे मेलेले.

"हे काय?"

"कालचे. तुमच्या बल्बावरचे."

 दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुंगी दिसली तर वाट सोडणारं घर ते. आपण एका वेलासाठी रोज एवढे जीव घेतो आहोत म्हणताना शेठना चहा कडू लागायला लागला. चौथ्या दिवशी ते कुंभाराकडून एक मोठं मडकं घेऊन आले. बल्ब दोन्ही आत, मडकं वरून पालथं, खाली हवेपुरती फट राहावी म्हणून दोन विटा. उजेड बाहेर येईना, पण मडकं तापायचं आणि तापलेलं राहायचं. किडे यायचे बंद झाले. कागदही बंद झाला. शेठना फार दिवसांनी आपल्याला काहीतरी जमलं असं वाटलं.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तीन-चार रात्री गच्चीवर बल्ब जळतो, बारदान लावलंय, केवलचंद शेठची स्कूटर बोरीला कोंबड्यांच्या शेडसमोर दिसली, आणि हातात थर्मामीटर! पेठेने दोन आणि दोन जुळवले. रविवारी स्थानकातून निघताना संघाच्या अध्यक्षांनी शेठना बाजूला घेतलं.

"केवलचंदजी, नवीन धंदा काढला म्हणे?"

"कसला?"

"गच्चीवरचा."

शेठना कळेपर्यंत जरा वेळ गेला. कळलं तेव्हा त्यांचे कान तापले. पीयूषचा साखरपुडा दोन महिन्यांवर, मुलगी मंचरच्या धार्मिक घरातली, आणि तिच्या वडिलांच्या कानावर हे गेलं म्हणजे! ते म्हणाले, "चला. आत्ताच्या आत्ता चला."

अध्यक्षांसह पाच जण गच्चीचा जिना चढले. वर पोचायच्या आधीच प्रत्येकाने रुमाल नाकाला लावला होता. शेठनी शोकेसचं दार उघडलं. आत मडकं, आणि मडक्यापासून हातभर अंतरावर सहा पानं. पाच जण बराच वेळ वाकून बघत राहिले. पिल्लू नाही, अंडं नाही, पीस नाही. समितीची थोडी निराशाच झाली.

"एवढं सगळं... ह्याच्यासाठी?" अध्यक्षांनी विचारलं.

"जीव आहे," शेठ म्हणाले. "दार लावू द्या, ऊब जाते."

ह्यावर संघातला कोण काय बोलणार? उलट, पुढच्या रविवारी प्रवचनात नाव न घेता ह्या जीवदयेचा उल्लेख झाला. शेठ खाली मान घालून ऐकत होते. शेजारच्या दालनात बायकांमध्ये जतनबाई बसल्या होत्या, दोन शाली घेऊन.

दोन शालींचं कारण असं, की मार्गशीर्षात गारठा वाढला तेव्हा बारदान पुरेना. शेठना वरून टाकायला काहीतरी जाड हवं होतं. दुपारी त्यांनी कपाट उघडलं, तर आत जतनबाईंची माहेरची कापसाची रजई घडी करून ठेवलेली. दुपारची वेळ असल्यामुळे ती कपाटात होती. पण कपाटात आहे म्हणजे कोणी वापरत नाही, असं शेठनी धरलं आणि ती गच्चीवर नेली. जतनबाईंनी संध्याकाळी कपाट उघडलं, क्षणभर बघितलं आणि बंद केलं. त्या दिवसापासून चटईवर दोन शाली.

मग सकाळचं लोडशेडिंग आलं. गारठा सगळ्यात जास्त असायचा तेव्हाच वीज जायची ती दहा वाजेपर्यंत. मडकं निवायचं, वेल आत मान टाकायचा. शेठनी तोडगा काढला. जतनबाई उजाडल्यावर स्वतःपुरतं पाणी उकळायच्या. ते आयतंच होतं. शेठ पातेलं उचलून दोन कॅनमध्ये ओतायचे आणि कॅन वेलाच्या दोन बाजूंना नेऊन ठेवायचे. जतनबाई दुसरं पातेलं चढवायच्या. उपासाच्या दिवशी त्या पाण्याशिवाय त्यांच्या पोटात दुसरं काही जायचं नव्हतं. पण पहिलं पातेलं वेलाचं आणि दुसरं त्यांचं, असा घरात नेमच पडून गेला. शेठ मनापासून म्हणायचे, "हिची मला फार साथ आहे." त्यांना तसं खरंच वाटत होतं, हेच त्यातलं वाईट.

पौष लागला. नीलमचा फोन आठवड्याला यायचा. "पप्पा, वेल?" "एकदम मजेत." आणि तो होताही. सातवं पान फुटलं होतं, कोवळं, तांबूस. शेठ दिवसातून चार वेळा गच्चीवर जायचे.

एका सकाळी वीज असूनही थर्मामीटर अकरा दाखवायला लागला. दोन्ही बल्ब चालू, मडक्याला हात लावला तर चटका बसतोय, आणि आकडा अकरा. शेठना संशय आला की थर्मामीटरच बिघडलाय. तपासायचा कसा? घरात नेऊन बघू, ते मनाशी म्हणाले. घरात माणसं राहतात, म्हणजे तिथं गच्चीपेक्षा जास्त असणारच. ते खाली आले. मागच्या खोलीत जतनबाई सामायिकाला बसल्या होत्या. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात माळ, डोळे मिटलेले. शेठनी आवाज न करता थर्मामीटर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने उचलला. नऊ.

शेठ मनात हसले. घरात नऊ आणि गच्चीवर अकरा! हे होणंच शक्य नाही. बिघडलाच होता तो.

दुकान पीयूषवर टाकून ते तसेच स्कूटरने बोरीला गेले. आता रुमालाची गरज उरली नव्हती. प्रयागबाईंनी थर्मामीटर घेतला, आपल्याजवळचा काढला, दोन्ही शेजारी शेजारी छत्रीखाली टांगले. दोन्ही एकाच आकड्यावर थांबले.

"बराबर हाय की, शेठ."

"मग घरात नऊ कसं दाखवतं?"

"घरात कुटं?"

"मागच्या खोलीत."

"तितं काय ठिवता तुमी?"

"ठेवत काही नाही," शेठ म्हणाले. "तिथं... आमची ही झोपते. सकाळी सामायिक करते."

 रखमाजींनी तूस सारखं करायचं थांबवलं. छत्रीखाली पिल्लं पसरून बसली होती, झ्याक.

"शेठ," प्रयागबाई म्हणाल्या, "नऊ म्हंजी आमची पिल्लं कोपऱ्यात गोळा हून एकावं एक चढून मेली असती. आन् बाईंचा तर उपास चालू हाय न्हवं?"

रखमाजींनी सावरायचा प्रयत्न केला. "तसं न्हाई, मान्साला कळतंय की. गार लागलं तर सांगत्यालच."

"पिल्लू बी सांगतंय," प्रयागबाई म्हणाल्या. "बघणारं पायजेल."

परतताना शेठनी स्कूटर हळू चालवली. लेण्याद्रीच्या डोंगरावर अजून धुकं होतं. त्यांना आसन आठवत होतं. लग्नानंतर ते खोलीच्या मधोमध असायचं. मग कधीतरी ते भिंतीकडे सरकलं. ह्या वर्षी तर स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटलं होतं, जिच्या पलीकडे चूल पेटते. दर वर्षी थोडं थोडं सरकत होतं. शेठनी ते रोज पाहिलं होतं आणि त्यांना वाटलं होतं, बाईमाणसाला भिंतीचा आधार लागतो. स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की त्यांनी गाडी कडेला घेऊन थोडा वेळ उभी केली.

घरी आल्यावर त्यांनी रजई खाली आणली आणि कपाटात ठेवली. पुन्हा काढली आणि चटईवर ठेवली. मग जतनबाईंना विचारलं, "तुला थंडी वाजते का?"

जतनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "आत्ता?"

"म्हणजे... एकूणच."

"रायचूरहून आले त्या वर्षी विचारायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

 शेठ म्हणाले, "तू वर बसत जा. वेलाच्या खोप्यात. पहाटे सामायिक तिथं कर. उबदार आहे."

"तिथं हिरवं आहे," जतनबाई म्हणाल्या. "सामायिकात हिरव्या पाल्याला लागून बसत नाहीत. त्यातही जीव असतो."

ते तर शेठनाही ठाऊक होतं. सामायिकात दिव्याचा उजेडही अंगावर घेत नाहीत, पण बल्ब मडक्यात होते, ती अडचण किड्यांनी आधीच सोडवून ठेवली होती. राहिला वेल. मागची खोली तापवावी, तर ती मोठी, वर जाळीचे झरोके, खाली दगड. जागा मोठी केली की ऊब राहत नाही, हे प्रयागबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आख्ख्या घरात माणसाला ऊब मिळेल अशी एकच जागा शेठनी चाळीस वर्षांत बांधली होती, आणि ती वेलाला दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साड्यांचं एक खोकं घेतलं, आतून थर्माकोल लावला आणि वेलासाठी वेगळं घर केलं. मडकं जतनबाईंकडे राहिलं, वेलाला उघडा बल्ब. ह्या वेळी शेठनी टेप लावली आणि बोटभरही पुढे सरकले नाहीत. मागच्या चुकीवरून शहाणे झाले होते ते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नेमकं माप घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं तेव्हा बल्बाकडची चार पानं भाजून काळी पडली होती. तांबूस कोवळं पान तर हाताला लागताच चुरलं. पिल्लाला उकडलं की ते लांब पळतं. वेल कुठं पळणार होता? पुढच्या आठवड्यात उरलेली पानंही गळली. शेठ रोज डब्यात पाणी घालत राहिले. काडी वाळली आहे हे त्यांना दिसत होतं. तरी घालत राहिले, कारण माघ जवळ येत होता आणि दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. फोनवर नीलमला ते आता "मजेत" म्हणत नसत. "ये, मग बघ," म्हणत.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी नीलम आली. बॅग ओसरीवर टाकली आणि चपला न काढताच गच्चीवर धावली. वर अजून चांगलाच गारठा होता. शेठ तिच्या मागोमाग चढले. तिने ते अवाढव्य खोपटं पाहिलं, हसत हसत शोकेसचं दार उघडलं आणि तशीच थांबली. आत मडक्याशेजारी जतनबाई आसनावर बसल्या होत्या. अंगावर एकच शाल, तीही खांद्यावरून सैल सुटलेली. तोंडाला मुहपत्ती, डोळे मिटलेले.

"दार लाव," शेठ कुजबुजले. "ऊब जाते."

नीलमने दार लावलं. "पप्पा, वेल कुठंय?"

शेठनी कठड्याखालचा डबा दाखवला. नीलम वाकली, काडी धरली आणि जरा ओढली. काडी मुळासकट हातात आली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ती बापावर चिडायची.

"म्हणाले होते ना मी? मम्मीकडे द्या म्हणाले होते. तुमच्या हातून काही जगत नाही, पप्पा."

एरवी शेठनी थंडीला दोष दिला असता, लोडशेडिंगला दिला असता, निदान रखमाजींना तरी. ह्या वाक्याला द्यायचं उत्तर त्यांनी दिवाळीपासून तयार ठेवलं होतं, आणि आता ते द्यायला वेल नव्हता. ते म्हणाले, "खरं आहे तुझं."

आत सामायिक संपलं. काचेतून दिसत होतं, जतनबाईंनी मुहपत्ती सोडली, आसनाची घडी केली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. उठताना त्यांना कशाला धरावं लागलं नाही आणि डोकंही वर आपटलं नाही, एवढी जागा होती. दार उघडून त्या बाहेर आल्या. त्यांचे ओठ त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच नीट दिसत होते. त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्या हातातली काडी पाहिली, मग शेठकडे पाहिलं.

"काही जगत नाही कसं?" त्या म्हणाल्या. "मी जगले ना."

त्या हसत नव्हत्या आणि रागावलेल्याही नव्हत्या. नीलमने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि काडी हळूच परत डब्यात ठेवली. शेठना ते बोलणं चांगलं घ्यावं की वाईट हे कळेना. कळलं ते एवढंच, की ह्यावर "दोन धुण्यांत बसेल" असं म्हणता येणार नाही. त्या दिवशी उपास नव्हता. जतनबाई चहा ठेवायला खाली गेल्या, आणि शेठनी मागे वळून खोपटाचं दार नीट लावून घेतलं.